वीज आली, मोबाइलवर नेट आलं, कॉम्प्युटरवर मात्र नाही : आयपी पत्ता बदलण्याआधी

पावसाळ्यात गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या वाड्यावर वीज गेली की ती परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मला फोन येतो. राउटरचे दिवे लागलेले असतात, घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर नेट सुरू झालेलं असतं, फक्त टेबलावरचा कॉम्प्युटर रुसलेला असतो. "नेट परत गेलें मरे, आयपी बदलून दी," असं शेजारचे काका निदान आणि औषध एका दमात सांगून मोकळे होतात. त्यांना कुणीतरी कधीतरी आयपी बदलून दिला होता आणि तेव्हा नेट चालू झालं होतं. तेव्हापासून त्यांच्या लेखी नेटच्या प्रत्येक दुखण्यावर हाच काढा.

गंमत म्हणजे काकांच्या बाबतीत दुखणं खरोखरच आयपी पत्त्याचं होतं. पण दर वेळी पत्ता बदलल्यामुळेच ते पुढच्या पावसात परत येत होतं. ते कसं, ते खाली सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग याच जातीचा असतो. उरलेल्यांना वेगळाच पत्ता बदलायचा असतो आणि ते भलताच बदलत बसलेले असतात.

आयपी पत्ता म्हणजे जाळ्यावर जोडलेल्या उपकरणाला ओळखायचा नंबर. तो एक आतला असतो, एक बाहेरचा. तेव्हा आधी हे दोन पत्ते वेगळे करू.

पंचायतीने घराला दिलेला नंबर एकच असतो. आत कोण माजघरात झोपतो आणि कोण सोप्यावर, ते घरातली माणसं ठरवतात, पंचायतीला त्याचं काही देणंघेणं नसतं. तसंच इथे. ब्रॉडबँड कंपनी तुमच्या जोडणीला बाहेरच्या बाजूने एक पत्ता देते. घरातला कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर यांना आतले पत्ते देतो तो तुमचा राउटर. आतले पत्ते बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतात, काही ठिकाणी १० ने. हे आकडे १९९६ पासून खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि इंटरनेटवर कुठेही चालत नाहीत. म्हणून शेजारच्या साखळी गावातल्या कुणाच्या घरी १९२.१६८.१.५ असला आणि तुमच्याही घरी तोच असला तरी भांडण होत नाही. भांडण होतं ते एकाच घरात दोघांनी तो घेतला तर.

कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही जो बदलता तो आतला पत्ता. एखाद्या वेबसाइटने तुम्हाला अडवलं असेल तर तिला दिसतो तो बाहेरचा. आतला शंभर वेळा बदललात तरी तिला त्याची खबरही लागणार नाही. माझ्या आतेभावाने एकदा परीक्षेच्या अर्जाची साइट उघडत नाही म्हणून दुपारभर आतले आकडे बदलले, संध्याकाळी त्याचा प्रिंटरही बंद पडला.

आधी बघा, मग हात लावा

विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा आणि ती काळी खिडकी उघडा. मी आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. पहिली आज्ञा: आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ऑल. 'आयपीकॉन्फिग' हा एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही.

भरपूर मजकूर येईल. घाबरू नका, त्यातल्या निम्म्या गोष्टी ब्लूटूथच्या आणि कधीकाळी टाकून विसरलेल्या प्रोग्रामांच्या असतात. केबलने जोडलं असेल तर इथरनेटचा भाग बघा, नाहीतर वायफायचा. दोन्ही जोडलेले असतील तर पत्तेही दोन असतील. अशा वेळी तपासणी होईपर्यंत एक बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एकाकडे बघणार आणि बिघाड दुसऱ्यात असणार.

चार ओळी कागदावर उतरवून घ्या: आयपीव्ही४ पत्ता (हाच तुमचा आतला पत्ता), डिफॉल्ट गेटवे (राउटरचा स्वतःचा आतला पत्ता), डीएचसीपी एनेबल्ड समोर 'येस' आहे की 'नो', आणि डीएचसीपी सर्व्हर. डीएचसीपी म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची सोय, आणि तो सर्व्हर म्हणजे पत्ता वाटणारा, घरात बहुधा राउटरच. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण तो सरळ काढा. मला व्हॉट्सअ‍ॅपवर जे फोटो येतात त्यांत आकडे कमी आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त असतं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कुणीच पत्ता दिलेला नाही किंवा त्याला हवा असलेला मिळालेला नाही, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने एक घेतला आहे. त्या पत्त्यावर इंटरनेट मिळत नाही. पत्ता १९२.१६८ चा आहे, गेटवेसमोरही आकडा आहे, तरी नेट नाही, तर दोष बहुधा पत्त्यात नाही. राउटरच्या पुढे कुठेतरी आहे. फायबरच्या डब्यावर लॉस नावाचा दिवा लाल असेल तर तार तुटली आहे. कुठेतरी माडाचं झावळ किंवा आंब्याची फांदी तिच्यावर पडली असेल. आयपी बदलून फांदी उचलली जात नाही. कंपनीला फोन करा आणि चहा घ्या.

आणि पत्त्याच्या पुढे 'डुप्लिकेट' असा शब्द दिसला, त्याच्याखाली १६९.२५४ चा दुसरा पत्ता दिसला आणि डीएचसीपी एनेबल्ड समोर 'नो' असलं, तर तुम्ही काकांच्या घरात आहात.

काकांच्या घरातली भानगड

काकांच्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.५ हा पत्ता हाताने लिहून ठेवलेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा, प्रिंटर दोन कॉम्प्युटरांत वाटून घ्यायचा म्हणून कुणीतरी तो लिहिला. पुढे तार गेली, फायबर आलं, मोडेम बदलला, दुसरा कॉम्प्युटर भंगारात गेला, पण तो पाच आकडा जागचा हलला नाही. तेव्हा घरात नेटवर चालणाऱ्या वस्तू दोन होत्या. आता काका, काकी, दोन मुलगे, सुना, टीव्ही आणि नातवाचा टॅब.

राउटर पत्ते वाटतो ते एका ठरावीक पट्ट्यातून. अनेक घरगुती राउटरांत हा पट्टा १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत असतो. म्हणजे पाच नंबर त्याच पट्ट्यात आला. तो काकांच्या कॉम्प्युटरने स्वतःच घेऊन ठेवला आहे, हे राउटरला कुणी सांगितलेलं नाही. एरवी हे खपून जातं. कॉम्प्युटर चालू असेल तर बरेच राउटर पत्ता देण्याआधी 'पाचवर कुणी आहे का' म्हणून हाक मारून बघतात, कॉम्प्युटर ओ देतो, राउटर पुढचा नंबर वाटतो.

वीज गेली की हा हिशोब मोडतो. कोणता पत्ता कुणाला दिला ही यादी पुष्कळ स्वस्त राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, वीज जाताच ती पुसली जाते. वीज येते तेव्हा राउटर कोऱ्या पाटीने बसतो. मोबाइल बॅटरीवर चालत असतात, ते क्षणात येऊन रांगेत उभे राहतात. कॉम्प्युटर मात्र बंद असतो, कारण काका 'वीज नीट येऊ दे' म्हणून अर्धा तास थांबतात. राउटर हाक मारतो, पाचवर कुणीच बोलत नाही, तो पाच नंबर धाकट्या सुनेच्या मोबाइलला देतो. मग काका कॉम्प्युटर लावतात. विंडोज आपला पत्ता वापरण्याआधी विचारतं, हा कुणाकडे आहे का? मोबाइल सांगतो, माझ्याकडे. विंडोज पाच सोडून देतं, १६९.२५४ घेतं आणि आयपीचा संघर्ष झाल्याची सूचना दाखवतं. ती कुणी वाचत नाही.

मग कुणीतरी येतो आणि पाचच्या जागी सात लिहितो. नेट चालू! पुढच्या पावसात सात नंबर टीव्हीकडे. मग अकरा. मी मुळाशी जायचं ठरवून गेलो तेव्हा टेबलाच्या काचेखाली अशा आकड्यांची चिठ्ठी होती, खोडलेल्या पाच नंबरांची. त्यातला एक माझ्या हस्ताक्षरात होता, हे इथे कबूल करून टाकतो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

यात चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, भर. मुंबई-पुण्याकडचे, वास्कोचे, मडगावचे सगळे मूळ घरी येतात. माटोळी बांधून होईपर्यंत घरात वीस मोबाइल जमलेले असतात आणि प्रत्येकाला वायफायचा पासवर्ड हवा असतो. वीस पत्ते वाटले गेले की पाच, सात, अकरा यांतला एकही रिकामा राहत नाही. वर्षभर शहाण्यासारखा वागणारा कॉम्प्युटर नेमका आरतीची चाल यूट्यूबवर शोधायची असते तेव्हा बंद पडतो, त्यामागे कुणाची दृष्ट नसते.

यावरचा उपाय

सोपा उपाय आधी. हाताने लिहिलेला पत्ता काढून टाका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे इथरनेट. वायफाय असेल तर वायफायमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. 'आयपी असाइनमेंट' समोर 'मॅन्युअल' दिसेल. 'एडिट' दाबा, 'ऑटोमॅटिक' निवडा, सेव्ह करा. डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचं, असाइनमेंट शेजारीच वेगळं असतं. तिथेही कुणी जुन्या कंपनीचे आकडे लिहून ठेवले असतील तर तेही ऑटोमॅटिक करा. नाहीतर पत्ता बरोबर मिळूनही साइट उघडणार नाहीत आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

यानंतर काळ्या खिडकीत: आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ, रिलीज. मग तसंच रिन्यू. पहिल्याने हातातला पत्ता सोडला जातो, दुसऱ्याने राउटरकडे नवा मागितला जातो. केबल न लावलेल्या अडॅप्टरबद्दल 'मीडिया डिसकनेक्टेड' अशी कुरकुर येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. पण हाताने लिहिलेला पत्ता तसाच ठेवून हे केलंत तर एकही अडॅप्टर या कामाच्या स्थितीत नाही, असं उत्तर मिळेल. दिलेलाच नाही तो पत्ता परत कसा करणार? हे उत्तर आलं तर समजा, मॅन्युअल अजून काढलेलं नाही.

रिन्यू केल्यावर पुष्कळदा पहिलाच पत्ता परत मिळतो. राउटर उपकरण ओळखतो आणि त्याचा जुना नंबर मोकळा असला तर तोच देतो. त्यात बिघाड काही नाही. आतला पत्ता अमुकच असण्याने किंवा नसण्याने नेटच्या वेगात काडीचाही फरक पडत नाही.

एक सूचना अनुभवाची. दूरवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून हे करत असाल तर रिलीज दाबताच तुमचाच दोर कापला जाईल, रिन्यू टाइप करायला तुम्ही तिथे उरणारच नाही. पुण्याच्या भावाने मला असं एकदा भर पावसात चालत काकांकडे पाठवलं आहे. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, मध्ये 'अँड'चं चिन्ह टाकून द्या, म्हणजे पहिली झाली की दुसरी आपोआप होते.

अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर हेच काम सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, डिटेल्स, टीसीपी-आयपी या वाटेने 'रिन्यू डीएचसीपी लीज' दाबून होतं.

आणखी एक. 'मी कॉम्प्युटर बंद करून परत लावला' असं सांगणाऱ्याला मी विचारतो, शटडाउन की रिस्टार्ट? विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवते. रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अशा दुरुस्तीनंतर रिस्टार्टच करा.

काहींना कॉम्प्युटरचा किंवा प्रिंटरचा पत्ता कायम एकच लागतो. दुकानाचा हिशोब दोन कॉम्प्युटरांवर चालतो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा असतो. त्यांनीही कॉम्प्युटरवर आकडा लिहू नये, राउटरमध्ये तो राखून ठेवावा. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाका, बहुधा १९२.१६८.१.१, आणि राउटरच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या नाव-पासवर्डने आत जा. लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, किंवा डीएचसीपीच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक डीएचसीपी' असं काही सापडेल. तिथे उपकरणाचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी लिहायचा. हा मॅक म्हणजे अॅपलचा कॉम्प्युटर नव्हे, प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख-नंबर. मॅक पत्ता मघाच्या यादीत 'फिजिकल अ‍ॅड्रेस'समोर असतो, दोन-दोनच्या सहा जोड्या. हे राउटरच्या कायम स्मृतीत राहतं, वीज गेली तरी पुसत नाही.

हे करूनही पत्ता बदलतोय असं वाटलं तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' चालू आहे का बघा. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल खरा मॅक पत्ता लपवून बनावट सांगतात. विंडोजमध्येही ही सोय आहे, मात्र ती आपण चालू केली तरच चालते. बाहेर हॉटेलच्या वायफायवर ती चांगली. घरच्या वायफायपुरती बंद करा, नाहीतर राउटरने राखलेली जागा ज्याच्यासाठी होती तो वेषांतर करून येतो आणि राउटर त्याला ओळखत नाही.

काही कंपन्यांच्या फायबर-डब्यांत हे पान कुलूपबंद असतं. तिथे निदान वाटपाचा पट्टा बदलता आला तर तो १०० ते १९९ करा आणि कॉम्प्युटरला हाताने २० लिहा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. पट्ट्याबाहेरचा नंबर राउटर कुणालाच देत नाही. पट्टाही बदलता येत नसेल तर ऑटोमॅटिकवर राहा आणि प्रिंटरला केबल लावा.

दोन राउटर, एक घर

चिऱ्याच्या भिंतींचं जुनं घर असेल तर हा भाग तुमच्यासाठी. या भिंती हातभर जाडीच्या. राउटर सोप्यावर, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मध्ये तीन भिंती. वायफायचा जीव दुसऱ्या भिंतीलाच जातो. मग माणूस म्हापशाच्या बाजारातून दुसरा राउटर आणतो, पहिल्यापासून केबल ओढतो आणि ती दुसऱ्याच्या मिळेल त्या भोकात खुपसतो.

केबल दुसऱ्या राउटरच्या लॅनच्या भोकात गेली तर घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. कोण आधी उत्तर देईल त्याचा पत्ता. कधी नेट चालतं, कधी नाही, आणि कारण कुणालाच कळत नाही. ओळखायची खूण: नेट चालत असताना आणि नसताना मघाची आज्ञा द्या आणि डीएचसीपी सर्व्हर व गेटवे या ओळी ताडून बघा. आकडे वेगळे आले तर चोर सापडला. दुसऱ्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून वेगळा, म्हणजे १९२.१६८.१.२ असा ठेवा. पहिल्याच्या पट्ट्यात तो येत असेल तर पट्टा दहापासून सुरू करा. राउटरवर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असं बटण किंवा पर्याय असेल तर एवढंही करायला नको, तो निवडला की झालं.

केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात लावली आणि दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, तर दुसऱ्याला कळेनासं होतं की बाहेर जायचं म्हणजे कुठे. नवे राउटर हे ओळखून स्वतःचा आकडा बदलतात, जुने गप्प बसतात. दुसऱ्याचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा. नेट चालेल. पण सोप्यावरच्या कॉम्प्युटरला मागच्या खोलीतला प्रिंटर दिसणार नाही. म्हणून मला अ‍ॅक्सेस पॉइंटच आवडतो.

बाहेरचा पत्ता बदलायचा असेल तर

एखादी साइट 'तुमचा आयपी अडवला आहे' म्हणते, किंवा सारखं ट्रॅफिक सिग्नल आणि मोटारसायकली ओळखायला लावते. आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच साइट त्याच कॉम्प्युटरवर उघडा. उघडली तर अडचण घरच्या जोडणीच्या बाहेरच्या पत्त्याची. नाही उघडली तर ब्राउझरची किंवा तुमच्या खात्याची, आणि त्यासाठी पत्ता बदलून उपयोग नाही.

मग राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा आयपी बघा. त्याच वेळी 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा आयपीव्ही४ आकडा बघा. दोन्ही सारखे असले तर बाहेरचा पत्ता तुमचा एकट्याचा आहे आणि बदलण्याची आशा आहे. तिथे पीपीपीओई असं लिहिलं असेल, म्हणजे राउटर नाव-पासवर्ड देऊन जोडणी करत असेल, तर 'डिसकनेक्ट' दाबा, दहा मिनिटं थांबा, 'कनेक्ट' दाबा. कंपनीकडच्या साठ्यातून बहुधा दुसरा पत्ता येतो. नाव-पासवर्ड नसलेल्या जोडणीत पत्ता मुदतीवर दिलेला असतो आणि मुदत संपायच्या आत परत आलात तर तोच मिळतो, म्हणून राउटर रात्रभर बंद ठेवून बघावं लागतं. सकाळी तोच दिसला तर कंपनीने तो तुमच्या नावाला बांधला आहे. राउटरचा मॅक पत्ता बदलून बघा, असं सांगणारे भेटतील. मी सांगत नाही. काही कंपन्या जोडणी मॅक पत्त्याला बांधतात, तो बदलला की होतं तेही नेट जातं.

वॅनचा आकडा १०० ने सुरू होत असेल आणि त्याचा दुसरा भाग ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा वॅनवरच १० किंवा १९२.१६८ चा पत्ता असेल आणि साइट काही वेगळाच सांगत असेल, तर कंपनीने तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातली शेवटची वाटणी ३ फेब्रुवारी २०११ रोजी झाली. नंतर आलेल्या कोट्यवधी जोडण्यांना वेगळा पत्ता आणायचा कुठून? १०० चा तो पट्टा खास या कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. फायबरचा डबा बंद-चालू करून अशा घरात आशियातला सर्वांत चिकाटीचा माणूसही फार काही साधणार नाही. बदलला तर दुसरा सामायिक पत्ता मिळेल. साइटने अडवलं ते कदाचित फोंड्यातल्या कुणाच्या उद्योगामुळे असेल, तुम्हाला ते कळणारही नाही. अशी अडवणूक बरेचदा एक-दोन दिवसांत आपोआप सुटते, तोवर हॉटस्पॉटवर काम उरका.

सीजीनॅटचा खरा फटका बसतो तो कुवेत-दुबईला असलेल्या मुलांना. कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत, कॅमेरा लावलेला असतो, केळीवर माकडं येतात की माणसं ते तिकडून बघायचं असतं. बाहेरून आत येणारी हाक कंपनीच्या दारापर्यंत पोचते, तिथून ती कुठल्या घरात पाठवायची हे ठरलेलंच नसतं. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काही होत नाही. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो असा घ्या, किंवा ब्रॉडबँड कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्या. आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, दोन्ही टोकांना चालत असेल तर तोही रस्ता आहे, पण कुवेतच्या टोकाला तो आहे की नाही, ते मुलाला विचारून मगच पैसे खर्च करा.

टाचणीचं भोक

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं, आत बटण. त्यात काहीही खुपसू नका. गेल्या चवथीच्या आदल्या रात्री काकांच्या थोरल्याने उदबत्तीची काडी खुपसली आणि मनात दहा मोजले. कॉम्प्युटरचा प्रश्न मिटला, कारण आता घरात कुणालाच नेट नव्हतं. त्या भोकाने राउटर कारखान्यातून निघाला तसा होतो, पीपीपीओईचं नाव-पासवर्ड पुसलं जातं, आणि ते काकांकडे लिहिलेलं नव्हतं. कंपनीच्या स्थानिक माणसाचा फोन दोन दिवस बंद. चवथीला गोव्यात कोण फोन उचलतो? वीस मोबाइल, एकवीस मोदक आणि नेट नाही अशी ती चवथ गेली. काकी म्हणाल्या, किती वर्षांनी सगळे एकमेकांशी बोलले. काकांचं मत वेगळं होतं.

आता नाव-पासवर्डाची चिठ्ठी राउटरच्या पोटाला चिकटवलेली आहे. शेजारी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आहे, वीज गेली तरी राउटर आणि फायबरचा डबा जागे राहतात, त्यामुळे पत्त्यांची यादी पुसली जात नाही. घेताना आपल्या अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअरचा आकडा बघून घ्या. काही राउटर नऊ व्होल्टचे असतात. मे महिन्यात आणि नवरात्राच्या आसपास गडगडाट सुरू झाला की हा सगळा जामानिमा भिंतीतून काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून आणि कॉम्प्युटरपर्यंत गेलेल्या तांब्याच्या केबलमधून येते.

काकांचा कॉम्प्युटर आता ऑटोमॅटिकवर आहे आणि राउटरमध्ये त्याच्यासाठी २० नंबर राखलेला आहे. या पावसात वीज किती वेळा गेली ते मोजलं नाही. फोन एकदाच आला. लॉसचा दिवा लाल होता, तार गुरांच्या गोठ्यामागे तुटून पडली होती, आणि काकांनी कंपनीला आधीच फोन करून ठेवला होता. मला फक्त कळवायला केला, असं म्हणाले.